गळा बसला तवाच्या चिठ्ठ्या

एक पोट्टा, एक नर्स, आनि मधात चिठ्ठ्या. झालं! तुमी बूड सरकवून नीट बसले. मले माहीत आहे ना. वार्डात माह्या बाजूच्या खाटेवरचा बुढाबी असाच कान टवकारून बसे. तर पहिलेच सांगून टाकतो, ही लव्हस्टोरी नाई. प्रेमिलाचं लग्न झालं, नवरा मास्तर आहे, भला मानूस आहे. त्या लग्नात मी एकदा पाहुना म्हनून जेवलो आनि एकदा नवरदेवाच्या मामाच्या आवाजात "इकडं वाढा हो!" करून जेवलो.

दुसरी आशा तुमाले ही असन का शेवटी मी मरतो आनि तुमाले रडाले भेटते. तेबी नाई. लिहून कोन राह्यलं मंग?

मी शब्बीर. गोंडपिपरीचा. मले गळ्याचा टीबी झाला होता. आता बरा आहो. कोनाच्या घरी असाच कोनी खाटेवर पडून असन, तर त्याच्यासाठी लिहून राह्यलो. औषधाची नावं माह्यापाशी मागू नका, ते डॉक्टर सांगते. मी बाकीचं सांगतो, जे डॉक्टर सांगत नाई.

रुईचा खोकला

आमचं घर बाजारओळीत. समोर दुकान, मागं घर. अब्बा पिंजारी. गाद्या, रजया, उशा. पहिले धनुकलीवर रुई पिंजत, मंग मशीन आली. मशीन आली तशी रुई जास्त उडाले लागली. आमच्या घरात वरनात रुई, चहात रुई, अब्बाच्या भुवईवर रुई. अब्बा दिवसभर म्हातारे दिसत आनि संध्याकाळी आंघोळ केली का तरुन होत.

तर अशा घरात खोकला म्हनजे काय? काईच नाई. सगळेच खोकत. अब्बाचा खोकला दोन दनक्यांचा, चाचाचा लांबलचक, शिट्टी मारल्यावानी संपनारा. मले सगळ्यायचे खोकले काढता येत. म्हनून मी खोकलो तं कोनी मान वळवून पाहे नाई. अम्मी फक्त गुळाचा खडा हातावर ठेवे. "गुड खा ले, रुई उतर जाएगी." आमच्याकडे रुई पिंजनारा मानूस गूळ खातेच. मी महिनोमहिने गूळ खाल्ला. रुई काई उतरली नाई.

आता माह्या कामाचं. माह्यं काम म्हनजे माह्यं तोंड. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली का गावोगाव नाटकं लागते. नाटक असलं का ऑटोवर भोंगा बांधून गावं फिराची, "या हो या" कराचं, ते मी करो. आनि नाटकात बी विनोदी पार्ट करो. एकाच नाटकात पोस्टमन मी, बहिरी बुढी मी, आनि शेवटी तहसीलदार बी मीच. मास्तर, कंडक्टर, मौलाना, पाटील, कोनाचाबी आवाज सांगा.

त्या सीझनले माह्या आवाज घोगरा झाला. पब्लिकले तो इतका आवडला का विचारू नका. नाटकाचे मालक म्हनले, "शब्बीर, हाच आवाज ठेव बुढीले. एक नंबर!"

"भाऊ, हा आवाज मी काढून नाई राह्यलो. माह्या गळा बसला आहे."

ते हसले. मले म्हने, "आता कोनाचा काढला हा?"

हीच तं गंमत होती. दुसऱ्या कोनाचा गळा बसला तं लोकं म्हनते दवाखान्यात जा. माह्या बसला तं टाळ्या वाजवत. मी जितकं खरं सांगो तितकं ते हसत. "वा बे, डोळ्यात पानी बी आनलं!" असं म्हनत. घरी बी तेच. संध्याकाळी अंग तापे, पॅन्ट ढिली झाली, अम्मीनं दोनदा कंबर आत घेतली आनि म्हनली, नाटकाच्या जागरनानं वाळला.

प्रेमिला हसली नाई

प्रेमिला माह्या वर्गातली. गोंडपिपरीच्या बाजूच्याच खेड्यातली, बाप धानाचा शेतकरी. दहावीपर्यंत एका शाळेत होतो. ती तवा चंद्रपूरले नर्सचं ट्रेनिंग करून राह्यली होती आनि मंडईच्या जत्रेसाठी गावी आली होती. मले बसस्टँडवर दिसली. मी नेहमीसारखा आमच्या हेडमास्तरच्या आवाजात ओरडलो, "प्रेमिला! गृहपाठ कुठी आहे?"

ओरडलो म्हनजे, तोंड उघडलं. आतून निसती हवा आली, सायकलच्या ट्यूबमधून येते तशी. पानठेल्यावरचे सगळे पोट्टे खिदळले. प्रेमिला जवळ आली. माह्या तोंडाकडे नाई, गळ्याकडे पाहत होती.

"कवापासून आहे हे?"

"दिवाळीच्या पहिलेपासून," मी फुसफुसलो.

"ताप?"

"थोडासा."

"गिळतानी दुखते?"

मी मान हलवली. पानठेल्यावरून एक जन म्हनला, "अवं बाई, तो नाटक करून राह्यला!"

प्रेमिला त्याच्याकडं वळली. "तुले नाटक आनि आजार यातला फरक नाई समजत तं चूप बस."

तशीच आमच्या दुकानात आली. अब्बा मशीनवर होते. तिनं हातानंच मशीन बंद कराले लावली. "चाचा, मी सोमवारच्या गाडीनं चाल्ली. याले माह्यासंग पाठवा. तुमीबी चला."

"बेटी, रुई का खांसी है. हमारे घर में सबको है."

"असन चाचा. रुईचाच असन. पन एकदा पाहून घेऊ ना. रुईचा निघाला तं मी तुमाले चंद्रपूरचा चहा पाजतो म्हना, आनि याले दोन रट्टे देतो."

हे शेवटचं तिनं पाटलाच्या आवाजात म्हनलं. अगदी भंगार काढला होता आवाज. पन अब्बा हसले आनि सोमवारी आले. मले तवाच समजलं का हिले काम करून घेता येते.

ज्या दिवशी समजलं

डॉक्टरनं माही जीभ कापडात धरली आनि बाहेर ओढली. बैलाले औषध पाजतानी ओढते तशी. आत एक बारका आरसा घातला. मले उलटी आली, डोळ्यातून पानी आलं. मंग एक्सरे, मंग थुंकी तपासली. मंग बाकावर बसनं. बाकावर बसनंच सगळ्यात वाईट. प्रेमिलाची ड्युटी दुसऱ्या वार्डात होती, ती जाता-येता दरवाजातून मुंडकं घालून जाये.

डॉक्टर भले होते, हळूच बोलले. "टीबी आहे. छातीत आहे, आणि गळ्यात स्वरयंत्रावर पण उतरलाय. बरा होतो. पण औषध पूर्ण घ्यावं लागेल."

अब्बा स्वतःच्या बाहीवरची रुई वेचाले लागले. एक एक तार. "साब, ये रुई से हुआ क्या?"

"रुईने नाही झाला. रुईमुळे लपून राहिला."

मी विचारलं, "आवाज?"

"आधी जीव. आवाजाचं मग पाहू. तोवर बोलायचं नाही. अजिबात नाही."

लोकं म्हनते का टीबी आयकून मरनाची भीती वाटते. मले खरं विचाराल तं पहिली भीती तिची नाई वाटली. मले "मग पाहू" ची वाटली. आवाज नाई आला तं मी कोन? पिंजाऱ्याचा पोट्टा, ज्याले रुईत बी बसता येत नाई. बाकी मले काय येत होतं?

वार्ड

वार्डाचं रुटीन सांगतो. सकाळी सुई. मंग गोळ्या, इतक्या का त्यायनंच पोट भरे. मंग राउंड. मंग भाताची गाडी, तिचं एक चाक रडे. मंग भेटीची वेळ, म्हनजे कोनाच्या खाटेवर संत्री आहे ते पाहाची वेळ.

पहिल्याच दिवशी लघवीले गेलो तं लाल! मले वाटलं, संपलं. मी पाटीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरात लिहलं: "रगत!!" आनि ती पाटी घेऊन वार्डातून पळालो. प्रेमिलानं अडवलं, पाटी वाचली आनि इतकी हसली का भिंतीले टेकली. "अरे येड्या, गोळीचा रंग आहे तो. लाल झाली म्हनजे गोळी पोटात गेली. ज्या दिवशी लाल नाई होनार ना, त्या दिवशी मी समजीन का तू गोळी खिडकीतून फेकली." हे तुमीबी ध्यानात ठेवा, पाटी घेऊन पळू नका.

पाटी तिनंच आनून देल्ली होती, बोलनं बंद म्हनून. आता माह्यं नशीब पाहा. बाजूच्या खाटेवर कोरपन्याकडचा बुढा, कापूसवाला, आनि त्याले वाचता येत नाई. मी मुका, तो अडानी, मधात पाटी! पन आमची दोस्ती वार्डात नंबर एक. मी हातवारे करून डॉक्टरची चाल दाखवो, बुढा खाट हलेपर्यंत हसे. आवाज नसतानी बी नक्कल होते, हे मले तवा समजलं.

एक दिवस सकाळी समोरच्या खाटेवरची चादर बदललेली होती. खाट रिकामी. माह्याच वयाचा पोट्टा होता, आदल्या दिवशी आमी एकमेकायले केळ दाखवून चिडवलं होतं. बुढा भिंतीकडं तोंड करून निजला. मी पाटी हातात घेतली तं काय लिहाचं ते समजेना.

प्रेमिला ड्युटी संपवून आली आनि स्टूल ओढून बसली. गंमत नाई केली, "घाबरू नको" नाई म्हनली. म्हनली, "तो लय उशिरा आला होता. तू नाई आला." मंग म्हने, "रडाचं असन तं रड. मी बसली आहो."

ती ट्रेनिंगवाली पोट्टी होती, दिवसभर उभी होती, मेसचं जेवन संपून गेलं असन. पन बसली. मी रडून झाल्यावर उठली, माही चादर झटकली आनि गेली.

चिठ्ठ्या सुरू

मंग तिचं ट्रेनिंग संपलं आनि पोस्टिंग आली. कुठी? पार एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराकडं, एका उपकेंद्रात. जातानी भेटाले आली.

"चिठ्ठी लिहशील. लिहनं म्हनजे बोलनं नाई, तेवढी परवानगी आहे."

मी पाटीवर लिहलं, "काय लिहू? गोळ्या खाल्ल्या, झोपलो?"

"तू आजपर्यंत कधी एवढंसं बोलला का?"

मलेबी घरी सोडलं. मी पहिली चिठ्ठी लिहली ती अब्बाच्या आवाजात. म्हनजे अब्बा गिऱ्हाइकाले गादी कशी विकते, ते जसंच्या तसं. दुसरी कंडक्टरच्या आवाजात. मंग आमच्या गल्लीतल्या बकरीच्या बी आवाजात लिहली. आवाज बंद झाला तं झाला, हात तं चालू होता.

तिच्या चिठ्ठ्या उशिरा येत. तिचा पोस्टमन आठवड्यातून एकदा येई, तोबी नाल्याले पानी नसलं तं. एक माह्यापाशी अजून आहे, त्यातलं थोडं सांगतो:

"शब्बीर, तुही बकरी मी इथल्या बायायले वाचून दाखवली. त्यायले मराठी कमी समजते, मी मोडक्यातोडक्या गोंडीत सांगतलं. एक बुढी इतकी हसली का तिनं पहिल्यांदा मले हात लावून बीपी पाहू देल्लं. म्हनजे तुही बकरी सरकारी कामाले आली. इथी पहिले पहिले कोनी येत नव्हतं. मी दवाखाना उघडून बसो आनि कोंबड्या येत. मंग मीच घरोघरी जाऊन राह्यली. तापाच्या पोरायचं रगत काचेवर घेते, गोळ्या देते. पाय लय दुखते. आमचे मोठे साहेब कवाकवा येते, आल्याबरोबर बाहेरूनच गरजते, 'काय चाललंय काय, सिस्टर!' त्यायच्या गाडीले बाया भेतात. मागं एकदा त्याच गाडीत बसवून काही बायायले नसबंदीच्या ऑपरेशनच्या कॅम्पले नेलं होतं, तवापासून गाडी म्हनलं का गाव रिकामं. मी त्यायले समजावून राह्यली का माह्या दवाखान्यात तसं नाई होनार. बरं, गोळ्या चालू आहे ना? लाल आहे ना?"

सगळ्या चिठ्ठ्या "लाल आहे ना" वर संपत. दुसऱ्या कोनाच्या हाती पडली असती तं त्याले वाटलं असतं जंगलातल्या कोन्या पार्टीचं गुपित काम आहे.

मी घरी पडल्या पडल्या कंटाळलो का तिचा विचार करो. माह्याच वयाची पोट्टी. जंगलात एकटी, भाषा दुसरी, संग कोनी नाई. आनि ती मले विचारून राह्यली का तू कसा आहे.

ताट

घरचं बी सांगतलं पाह्यजे. अम्मीनं माह्यं ताट, वाटी, गिलास वेगळं केलं. कोपऱ्यात एक फळी ठोकली. अम्मीले वाईट वाटे, पन भीती बी वाटे. माही बहीन नसरीनले पाहाले पाहुने येनार होते. त्या दिवशी मले चाचाच्या घरी बसवून ठेवलं. पाहुन्यायले सांगतलं, लडका नागपूर में है. चाचाच्या घरून आमचं अंगन दिसे. मी खिडकीत बसून नागपूरवरून पाहत होतो.

ते सगळं मी प्रेमिलाले लय हसवून लिहलं. पाहुन्यायचा आवाज, अम्मीचा आवाज, मधातच चाचाचा शिट्टीवाला खोकला. उत्तर आलं:

"हे वाचून मी हसली नाई. तू हसवाले लिहलं, पन मधात एका जागी हात थांबला ते दिसलं. खालचं नसरीनले अम्मीपाशी वाचाले सांग."

खाली अम्मीसाठी लिहलं होतं. टीबी ताटानं पसरत नाई, खोकल्यानं पसरते. आता औषध बरेच दिवस झालं आहे, डॉक्टरले एकदा विचारून घ्या, पन ताट एक करा. खोकतानी त्याले रुमाल धराले लावा. खिडकी उघडी ठेवा. पिंजाच्या खोलीत मात्र बसू देऊ नका. आनि चाची, तुमी याची कंबर दोनदा आत घेतली होती, आता बाहेर काढाची तयारी करा.

नसरीननं वाचलं. संध्याकाळी अम्मीनं फळीवरचं ताट उचललं, घासलं आनि सगळ्यायच्या ताटात ठेवून देल्लं. मले त्यातलं माह्यं कोनतं ते ओळखू आलं नाई. इतकं बरं वाटलं का जेवतानी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

कुजबुज

आता हे नीट आयका. ज्याचा गळा असा झाला असन त्यानं तं आयकाच.

मी तिले मोठ्या शानीत लिहलं, "मी एक शब्द बोलत नाई. काई लागलं तं निसतं कुजबुजतो." खरंच होतं. मले वाटे, आवाज नाई म्हनजे बोलनं नाई. घरात सगळ्यायले माही कुजबुज समजाले लागली होती. मी तं कुजबुजून नकला बी करो.

तिचं उत्तर एका ओळीचं होतं, पेन इतका दाबून लिहलं का कागद मागून फुगला होता. "कुजबुजनं म्हनजे बोलन्याहून वाईट, गळ्याले जोर पडते, बंद कर, मी तिथी असती तं तोंडाले चिकटपट्टी लावली असती."

पुढच्या तपासनीले डॉक्टरले विचारलं तं तेबी तेच म्हनले. तवापासून मी खरोखर गप्प झालो. गप्प म्हनजे कसं, सांगतो. अब्बा मशीनवर काम करतानी गुनगुनते, ते मले पहिल्यांदा आयकू आलं. इतकी वर्सं मी त्यायच्या खोकल्याची नक्कल केली, गुनगुनन्याची केली नव्हती. मी घरात असलो का कोनाले मधात बोलाले जागाच नव्हती ना.

आ म्हना

थंडी गेली, मोहाची फुलं पडाले लागली. अब्बा आनि मी परत चंद्रपूरले गेलो. परत जीभ ओढली, आरसा घातला. डॉक्टर लय वेळ पाहत राह्यले. मंग म्हनले, "छान भरून आलंय. आता हळूच आ म्हण."

मले आ म्हनाले भीती वाटली. तोंड उघडलं आनि बंद केलं. अब्बानं माह्या पाठीवर हात ठेवला.

"आ."

बारीक होता. खरखरीत होता. जुनी कडी वाजते तसा वाजला. पन हवा नव्हती, आवाज होता.

अब्बा म्हनले, "फिर से."

आजवर मले अब्बानं एकच सांगतलं होतं, "चुप बैठ". त्या दिवशी त्या मानसानं मले बोलाले लावलं. डॉक्टर म्हनले, रोज थोडं थोडं बोला, ओरडायचं नाही, औषध संपायला अजून वेळ आहे, थांबवायचं नाही.

हळूहळू आवाज भरला. खोटं नाई सांगत, सगळा नाई आला. बुढीचा बारीक आवाज गेला तो गेला. पन खाली एक जाडजूड आवाज आला, जो पहिले नव्हता. मोठ्या साहेबायचा निघे असा.

मी प्रेमिलाले हे कळवलं नाई. तिले म्हनलं सरप्राइज देऊ.

उपकेंद्र

आष्टी, आलापल्ली, एटापल्ली. मंग जीप, मंग पायी. खिशात गोळ्या होत्या, बरं का. उपकेंद्र म्हनजे दोन खोल्या. समोर मोहाच्या झाडाखाली दहा-बारा बाया पोरं कडेवर घेऊन बसल्या होत्या. पोरायले लस द्याचा दिवस होता. मोहाच्या दिवसात बाया रानातली फुलं वेचनं सोडत नाई, तरी तिनं त्यायले जमा केलं होतं. ती आत होती.

मी भिंतीमागं उभा राह्यलो. साहेबाचा आवाज मी कवा आयकला नव्हता, पन चिठ्ठीतून मले तो पाठ झाला होता. नवा जाडजूड आवाज काढला.

"काय चाललंय काय, सिस्टर! गाडी आणली आहे, बायांना बसवा!"

काय झाला आवाज! एक नंबर. मी स्वतःच खूश.

समोर पाह्यलं तं झाडाखाली कोनी नाई. सगळ्या बाया जंगलात. एक टोपली उलटी पडली होती आनि मोहाची फुलं मातीत सांडली होती.

प्रेमिला धावत बाहेर आली. पहिले रिकामं झाड पाह्यलं, मंग मले. तिचं तोंड उघडं राह्यलं. मंग मिटलं. "लसीच्या डब्यात बर्फ आहे तवरक लस टिकते. चल."

आमी घरोघरी गेलो. पुढं ती, मागं मी. दर घरासमोर तिनं मले उभं केलं आनि सांगाले लावलं, "जोहार. साहेब नाई आला. तो मीच होतो. गाडी नाई आहे." दारं उघडेनात. शेवटी ती बकरीवर हसलेली बुढी बाहेर आली आनि प्रेमिलाले काहीतरी म्हनली.

"ती म्हनते, खरंच तू होता तं करून दाखव. हळू."

मी हळूच केलं. बुढीनं माह्या तोंडाकडे पाह्यलं, मंग माह्या काडीसारख्या हाताकडं, आनि कमरेवर हात ठेवून हसाले लागली. मंग तीच पुढं झाली, हाका मारत. बाया आल्या. सगळ्या नाई. एक बाई पोर घेऊन नाल्यापलीकडं गेली होती, ती आली नाई.

लसी झाल्या. मी सांडलेली फुलं माती झटकून टोपलीत भरली. बाया गेल्या. प्रेमिलानं काळा चहा केला, माह्यापुढं ठेवला, पहिले म्हनली, "गोळ्या दाखव." दाखवल्या. मंग सुरू झाली.

"त्या बाईच्या पोराले उद्या परत लस आनून मी नाल्यापलीकडं जाऊन सुई देईन, ते जाऊ दे. माह्ये पाय आहे. पन मी त्यायले काय सांगतलं होतं माहीत आहे? इथी साहेब येनार नाई, गाडी येनार नाई. आली तवापासून सांगून राह्यली तवा त्या झाडाखाली बसल्या. आनि तू एका ओरडन्यात मले खोटं पाडलं! बरं, ओरडाची परवानगी कोनं देल्ली? डॉक्टरनं? गळा काल भरला आनि आज भोंगा लावला! परत फाटला असता म्हनजे?"

"चुकलं ना वं," मी पुटपुटलो.

"चूप! माह्यं झालं नाई. मी इथी दर चिठ्ठीत विचारून राह्यली, लाल आहे का, लाल आहे का. आवाजाचं एकदाबी विचारलं नाई. काऊन नाई विचारलं? विचारलं आनि तू 'नाई आला' लिहलं तं मी इथी कोनापाशी रडनार होती? आनि आज आला आवाज, तं कोनाचा आयकवला? साहेबाचा! मास्तराचा आयकला, कंडक्टरचा आयकला, बकरीचा बी वाचला. इतक्या दुरून आला, तं दारात उभा राहून एक हाक माराची होती. तुह्या आवाजात. फाटका असता तरी चालला असता. बोल आता. बोल ना!"

मी चहा खाली ठेवला. "प्रेमिला," म्हनलं.

तिनं ओढनीनं डोळे पुसले आनि खेकसली, "हळू! इतक्या मोठ्यानं काऊन बोलते?"